हिवराच्या अलीकडे

फोन मुरलीच्याच नंबरवरून आला होता. म्हणून उचलल्याबरोबर मी म्हणालो, "बोल बे, जेवलास का न्हाई लग्नात?" पलीकडचा आवाज अनोळखी होता. "हे कॅमेरावाले तुमचे कोण लागतेत?" त्यानं विचारलं. मला पटकन सांगता येईना. गेवराईत माझी छपाईची प्रेस आणि मुरलीधरचा फोटो स्टुडिओ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. लग्नाची पत्रिका मी छापायची आणि लग्न लागताना फोटो नि चित्रण त्यानं करायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चालत आलेलं. "मित्र हाय," मी म्हणालो. "मग या तुमी," तो माणूस म्हणाला, आणि जरा थांबून त्यानं पुढं जोडलं, "या... पण गाडी सावकाश चालवा." फोन ठेवला आणि मी हातातलं प्रूफ पुढं तपासायला घेतलं. वधूपित्याच्या नावातली एक चूक मला सापडली, तिच्यावर मी लाल खूण केली. सावकाश चालवा म्हणजे काय, हे त्यानंतर माझ्या डोक्यात शिरलं. त्या वेळी मी खूण का केली, ती चूक मला दिसली तरी कशी, याचं नवल मला अजून वाटतं.

त्याच दिवशी सकाळी तो माझ्या शटरसमोर गाडी थांबवून गेला होता. कडा गावाच्या पुढं एका मळ्यात लग्न होतं, लांबचा पल्ला, म्हणून उजाडताच निघालेला. अंगात लग्नाचा ठेवणीतला शर्ट, गळ्यात बॅग. गाडीवरून न उतरता त्यानं हाक मारली, "सुभ्या, येता रविवार मोकळा ठेव. तिला पोरं झालीत." मी विचारलं, किती? तर म्हणाला, "मोजाया गेलो न्हाई. मोजायला पुढं जावं लागतंय." हसला आणि गेला. ही आमची शेवटची भेट. त्या भेटीत काही वेगळं होतं का, चेहरा ओढलेला होता का, हे मी इतक्यांदा आठवून पाहिलंय की आता खरं काय नि मी घातलेलं काय, तेच समजेना झालंय. माणूस धडधाकट होता. पन्नाशीही गाठली नव्हती.

'ती' म्हणजे कोण ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा भलताच समज व्हायचा. आमच्या गावातही अनेकांचा तसा झाला होता. दर रविवारी भल्या सकाळी हा बाबा नदीकडे जातो, कॅमेरा स्टुडिओत ठेवून जातो, आणि ऊन चढल्यावर पँटीला माती लावून परत येतो, म्हटल्यावर लोक काय बोलणार! ती म्हणजे पाणमांजर. गोदावरीत अजून आहेत हे आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी जणांना माहीत नसतं. मांजर नावापुरतंच. लांब, काळपट-तपकिरी, चपट्या शेपटीचं, सगळं कुटुंब मिळून मासे धरणारं आणि पोट भरलं की वाळूत लोळून अंग कोरडं करणारं जनावर. मुरलीच्या गावापाशी नदीला एक वळण आहे. तिथं पाण्याला लागून सपाट खडक आहेत आणि खडकांच्या वरच्या अंगाला, दरडीत, करंजाच्या मुळांखाली त्यांचं बीळ. वाळूच्या ट्रॅक्टरांना खडकांमुळे तिथं उतरता येत नाही, म्हणून ते वळण वाचलं. दरडीपासून पुष्कळ मागं, उंचवट्यावर, एक जुनं हिवराचं झाड आहे. बाभळीच्या जातीतलं, पिवळट सालीचं. मुरलीची हद्द त्या हिवरापर्यंत. त्याच्या पुढं तो स्वतः जात नसे आणि दुसऱ्याला जाऊ देत नसे.

मला त्यानं तिथं न्यायला कितीतरी वर्षं घेतली. भिंतीला भिंत लावून बसणाऱ्या मित्राला! याला कारण होतं. फार पूर्वी एकदा चहाच्या टपरीवर, भरात येऊन, त्यानं एकाजवळ त्या खडकांचं वर्णन केलं होतं. महिन्याभरात कुणीतरी मोबाईलवर चित्रण करून गावभर पाठवलं. मग पोरांच्या टोळ्या आल्या, कुणाचा वाढदिवस तिथं झाला, बिस्किटांचे पुडे पाण्यात पडले, एकानं शिट्टी मारून त्यांना बाहेर बोलवायची पैज लावली. कुणी दगड मारला नाही, कुणी जाळं टाकलं नाही. सगळे प्रेमानंच आले होते. आठवड्याभरात बीळ ओस पडलं, आणि पुढचे दोन पावसाळे त्या वळणावर नुसतं पाणी होतं. बिळात पिल्लं होती. त्यांना घेऊन ती कुठं गेली, किती पोचली, कुणालाच कळलं नाही. ती दोन वर्षं मुरली लग्नांत फोटो काढायचा, नवरदेवाला हसवायचा, पण रविवारी स्टुडिओचं शटर अर्धं पाडून आत बसून राहायचा. त्यानंतर त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मला नेलं तेव्हाही आधी माझी परीक्षा घेतली. बंद खोलीत शेजारी बसवून म्हणाला, "आता बोलू नको." मी तंबाखू मळायला घेतली. "नापास," तो म्हणाला, आणि पुढची दिवाळी येईपर्यंत त्यानं तो विषय काढला नाही.

तिथले त्याचे नियम लग्नातल्या रुखवतासारखे मांडून ठेवलेले होते, एकही हलवायचा नाही. गाडी लांब विहिरीपाशी लावायची. अत्तर नको, पांढरा शर्ट नको, कुत्रं मागं येत असेल तर आधी त्याला घरी सोडून यायचं. त्यांच्या आधी जाऊन बसायचं. हिवराच्या बेचक्यात एक गोणपाट दुमडून ठेवलेलं असे, ते काढायचं, अंथरायचं, गप्प व्हायचं. आणि सगळ्यात मोठा नियम मानेचा. पाणमांजर आपल्या उद्योगात असेल तर ठीक. तिनं मान ताठ वर केली आणि आपल्याकडे पाहिलं, की आपण चुकलो. मग उठायचं नाही, कारण उठलं की ती पळणार. बसल्या बसल्याच मागं सरकायचं, गोणपाटासकट. ती परत कामाला लागेपर्यंत सरकत राहायचं. पोटं सुटलेले दोन बाप्ये ढुंगणावर मागं मागं घसरत चाललेत, हे दृश्य तिसऱ्या कुणी पाहिलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. एकदा मला हसू आवरेना. तो कुजबुजला, "हास, पण खाली मान घालून हास. दात चमकतेत तुझे."

कॅमेरा कावून आणत न्हाईस, असं मी एकदा विचारलं होतं. जन्मभर ज्यानं लोकांच्या नाकासमोर भिंग धरलं, अंतरपाटाखाली घुसून नवरीच्या डोळ्यातलं पाणी टिपलं, त्यानं इथं रिकाम्या हातानं यावं याचं मला कोडं होतं. त्याचं उत्तर मला अजून जसंच्या तसं आठवतं. "कॅमेरा डोळ्याला लावला की पाय आपसूक फुडं जातेत रे. आपल्याला कळतबी न्हाई. लग्नात माणसं सरकतेत बाजूला. हिनं कुठं सरकावं?" पाणमांजराचा एकही फोटो त्यानं काढला नाही. स्टुडिओच्या भिंतींवर नवरानवरी, बारशी, सत्कार, सगळं आहे, ती मात्र नाही. आणि विचित्र योगायोगानं, त्याचा स्वतःचाही धड फोटो नाही. तो कायम कॅमेऱ्याच्या मागं असे. दहाव्याच्या पत्रिकेसाठी आम्हाला आधारकार्डावरचा फोटो मोठा करावा लागला. त्या फोटोत तो कुणीतरी चोर दिसतो.

कड्याला मी आणि त्याचा धाकटा भाऊ बाळासाहेब गेलो. बाळासाहेब गावच्या राजकारणातला माणूस, मोबाईल कानापासून हटत नाही, पण त्या सबंध रस्त्यात त्यानं एकही फोन घेतला नाही. मंडपात जेवणं थांबली होती. नवरीचे मामा आम्हाला पाहून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "मंगलाष्टकं चालू व्हती. अक्षता पडल्या अन् हे बसल्यासारखे खाली गेले. आमाला वाटलं, वाकून फोटो घ्यायलेत." डॉक्टरकडे नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढं त्या लोकांनी कॅमेरा परत आणून दिला. लग्नाचं चित्रण त्यांना हवं होतं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ते काढून देण्याचं काम माझ्याकडे आलं, नि मी पाहू नये ते पाहिलं. कॅमेरा खाली पडला तरी चालू होता. त्यात फक्त पाय दिसतात. मोजड्या, चपला, पैंजणाचे पाय, पुढं पुढं येणारे. कुणीतरी ओरडतंय, "मागं सरका, हवा येऊ द्या त्येंला." आणि पाय आणखी पुढं येतात. ते पाय डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत. जेवताना आठवतात आणि घास हातात राहतो.

दहाव्याची जागा बाळासाहेबानं ठरवली. नेहमीचा घाट गावाच्या दुसऱ्या अंगाला आहे, पण तो म्हणाला, "दादाचा जीव त्या वळणावर व्हता. दहावा तिथंच व्हणार." बैठकीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही मान डोलावली. सगळं इतकं सुन्न होतं की मला त्या वाक्यात भावाची माया तेवढी ऐकू आली. मी पत्रिका जुळवली, 'स्थळ' या शब्दापुढं त्या वळणाची खूण सविस्तर टाकली, आणि आधारकार्डाच्या फोटोखाली त्याच्या नावाआधी 'कै.' लावताना हात थांबला तेवढाच. पत्रिका तालुकाभर गेली. ज्या जागेचं नाव त्या माणसानं मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही, ती त्याच्याच पत्रिकेवर, जाड अक्षरात.

दहाव्याच्या सकाळी मी तिथं पोचलो. म्हाताऱ्या माणसांना उतरायला सोपं जावं म्हणून बाळासाहेबानं आदल्या दिवशी जेसीबी लावून हिवरापासून थेट खडकांपर्यंत वाट पाडली होती. सतरंज्या खडकांवर, जिथं ती अंग वाळवायची तिथं. करंजाच्या फांदीला भोंगा बांधलेला, आणि त्या फांदीच्या बरोबर खाली, मुळांच्या आड, बिळाचं तोंड. कीर्तनकार महाराजांचं प्रवचन झालं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. एकजण म्हणाले, निसर्गप्रेमी हरपला. चहाचे कागदी पेले पाण्यावर तरंगत निघाले होते. आत पिल्लं आहेत, हे तिथल्या शेकडो माणसांत मला एकट्याला माहीत होतं, आणि मी खुर्चीला खिळलो होतो. कुणाला काय सांगणार? भावाचं क्रियाकर्म चाललंय, डोकं भादरून बाळासाहेब ओल्या पंच्यात बसलाय, आणि मी उठून म्हणू, भोंगा बंद करा, पाणमांजर बाळंतीण आहे?

पिंड ठेवले आणि कावळ्याची वाट सुरू झाली. कावळे होते. समोरच्या बाभळीवर चारपाच जण बसून पाहत होते, खाली मात्र एक येईना. मग आपल्याकडे होतं तसं सुरू झालं. एकेक जण पुढं होऊन, हात जोडून, गेलेल्याला शब्द देऊ लागला. "दादा, प्राजूच्या शिक्षणाचं मी बगतो," बाळासाहेब म्हणाला. प्राजू मुरलीची लेक, अकरावीत आहे. कावळा हलला नाही. मुरलीचे मामा म्हणाले, घर बांधायचं राहिलंय ते पुरं करू. कुणी म्हणालं, स्टुडिओ बंद पडू देणार नाही. प्रत्येक शब्दाला गर्दी आणखी जवळ सरकत होती, कावळा शिवतो का ते पाहायला. ऊन तापलं. गुरुजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करू, शास्त्रात सोय हाय." बाळासाहेब लहान पोरासारखा रडायला लागला. "काय राह्यलंय रं दादा तुझं? सांग की मला..."

तेवढ्यात शोभावहिनी उठल्या. मुरलीची बायको. सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. बांगड्या काढायला आलेल्या बायकांनाही त्यांनी नुसता हात मागं घेऊन नकार दिला होता, आणि त्यावरून मागं कुजबूज चालली होती. त्या भोंग्याच्या वायरीपाशी गेल्या आणि ती उपटली. मग लोकांकडे वळून साध्या आवाजात म्हणाल्या, "सगळे मागं व्हा. त्या झाडापलीकडं."

कुणाला काही समजेना. बाळासाहेब म्हणाला, "वहिनी, कावळा शिवू द्या आधी." वहिनी म्हणाल्या, "तुमी इथं बसल्यावर त्यानं यायचं कसं? त्येंनी कदी कुणाला इतकं जवळ बसू दिलतं का? मला नवी नवरी असताना आणलंवतं इथं. लोक म्हाबळेश्वरला नेतेत, मला गोणपाटावर बसवलं. बांगड्या वाजतेत म्हणून रुमाल बांधला हाताला. मलाबी त्या झाडाच्या फुडं येऊ दिलं न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, सांगा की." तेव्हा कुठं माझ्या तोंडाला वाचा फुटली. मी म्हणालो, की त्या करंजाखाली बीळ आहे, बिळात पिल्लं आहेत, आणि मुरली जाताना मला एवढी एकच गोष्ट सांगून गेलाय. आधी पुढारी उठले, त्यांना तसंही निघायचं होतं. मग सतरंज्या गुंडाळल्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून चढवलं, आणि सगळा लवाजमा हिवराच्या मागं जाऊन बसला. इतकी माणसं एका ठिकाणी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. थोड्या वेळानं बाभळीवरचा एक कावळा उतरला, खडकावर दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली. गर्दी हटली म्हणून आला, हे मला कळत नाही असं नाही, आणि मुरलीनंही हेच सांगितलं असतं. तरी मी रडलो. बाळासाहेब माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि म्हणाला, "मी लई जवळ गेलतो, न्हाई का?"

त्यानंतर त्यानं पहिलं काम काय केलं असेल तर जेसीबीची ती वाट काटेरी फांद्या टाकून बंद केली. पेले वेचायला मात्र आम्ही त्याला जाऊ दिलं नाही. पुन्हा खाली उतरायचं नाही, असं वहिनींनी सांगितलं. आता दर रविवारी आम्ही तिघं जातो. मुरलीनं मला एकट्याला बोलावलं होतं, तो रविवार त्याच्या मरणाच्या तिसऱ्या दिवशी आला नि राख सावडण्यात गेला. पहिल्या रविवारी पाणी नुसतं वाहत होतं. दुसऱ्या रविवारीही. बाळासाहेब अस्वस्थ होऊन म्हणाला, "मी जाऊन बगू का? खडकावर ताजी विष्ठा असंल, माशाच्या खवल्याची, तर समजंल हायेत का गेलीत. लांबून समजायचं कसं?" वहिनींनी त्याचा सदरा धरला. "असतील तर असतील," एवढंच म्हणाल्या. त्या रविवारी घरी येऊन मी प्रेस उघडली नाही. मला ते दोन पावसाळे आठवत होते, अर्धं पाडलेलं शटर आठवत होतं. मुरली गेला तो गेला, पण आपण त्याच्या दहाव्याला त्याचं तेवढंही शिल्लक ठेवलं नाही.

मागच्या रविवारी धुकं होतं. हिवराखाली गोणपाट अंथरून आम्ही बसलो. वहिनींनी हाताला मुरलीचा रुमाल बांधला होता, बांगड्यांवरून. धुकं विरत गेलं, खडक दिसायला लागले, आणि करंजाच्या सावलीत पाण्यातून एक डोकं वर आलं. मग मान. ताठ, सरळ, आमच्याकडे वळलेली. ती आहे हे आम्हाला असं कळलं, आम्ही चुकलो म्हणून. एरवी हिवराखाली बसणाऱ्याकडे ती क्वचितच पाहायची, नि पाहिलं तरी चार हात सरकलं की पुरायचं; मुरलीनं ते अंतर वर्षं घालवून बेतलेलं होतं. आता तिला ते पुरत नाही. एका सकाळीत आम्ही ते मोडलं. पिल्लांचं आम्हाला माहीत नाही, मोजायला पुढं जावं लागतं. आनंदानं कुणी आवाज काढला नाही. वहिनी सगळ्यात आधी बसल्या बसल्या मागं सरकल्या, मग मी, मग कडक इस्त्रीच्या पांढऱ्याऐवजी दादाचा मळखाऊ शर्ट घालून आलेला बाळासाहेब. हिवर मागं टाकला तरी मान खाली जाईना. सरकत सरकत शेताच्या बांधाला पाठ टेकली, तेव्हा कुठं ती वळली आणि पाण्यात गेली.

निघताना मी सवयीनं गोणपाट दुमडून हिवराच्या बेचक्यात ठेवायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "तिथं नगं आता." मग ते बांधावरच्या बोरीत खोचून ठेवलं. आता ते तिथंच असतं.